मॉडेल लिहिता येते, क्वेरी वाचता येत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वेब प्रोग्रॅमिंगची प्रात्यक्षिक परीक्षा घेताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. जॅंगो या वेबसाइट बनवण्याच्या पायथन चौकटीत मॉडेल, म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलाचे कोडमधले वर्णन, सफाईने लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच मॉडेलमधून डेटाबेसकडे नेमकी कोणती एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसच्या भाषेतील विचारणा) जाते, हे विचारले की तो गप्प होतो.

टेबलांना ऑब्जेक्टचे रूप देणारी ही सोय, म्हणजे ओआरएम, निःसंशय मोलाची आहे. क्लास म्हणजे टेबल, फील्ड म्हणजे कॉलम आणि एकेक ऑब्जेक्ट म्हणजे एकेक ओळ, एवढे समजले की काम सुरू होते. शिवाय वापरकर्त्याने भरलेली माहिती क्वेरीच्या मजकुरात थेट न मिसळता वेगळी पाठवली जात असल्याने एसक्यूएल इंजेक्शनचा, म्हणजे भरलेल्या माहितीतून घातक क्वेरी घुसवण्याचा, धोकाही पुष्कळ कमी होतो. जॅंगो घडले तेच मुळी अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका दैनिकात आणि २००५ साली ते सर्वांसाठी खुले झाले; बातमी वेळेत वाचकांपर्यंत पोहोचवण्याची घाई आपल्याला वेगळी सांगायला नको.

परंतु संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेले टेबलांचे गणित आणि ऑब्जेक्टची मांडणी ही दोन वेगळी घराणी आहेत. ग्रंथालयातील १०० पुस्तकांची यादी लेखकांच्या नावांसह दाखवायची असेल, तर लूपमध्ये सहज लिहिलेले ‘पुस्तक.लेखक.नाव’ पुस्तकांसाठी एक आणि प्रत्येक पुस्तकाच्या लेखकासाठी एक अशा १०१ क्वेरी धाडते. जॅंगोचे ‘सिलेक्ट_रिलेटेड’ जोडल्यास तेच काम जॉइन लावून, म्हणजे दोन टेबले जोडून, एका क्वेरीत होते. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवरील एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये जेमतेम दहा पुस्तके असतात, त्यामुळे हा फरक त्याला दिसतच नाही. तो दिसतो नोकरीत, सर्व्हर दुसऱ्या यंत्रावरील डेटाबेसला शेकडो हेलपाटे घालू लागल्यावर, आणि तेव्हा खापर बहुधा जॅंगोवर फुटते.

ओआरएम शिकवू नये, असे माझे म्हणणे नाही. आधी वर्षभर नुसती एसक्यूएल घोटून घ्यावी, असेही नाही. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना एवढीच विनंती आहे, की प्रात्यक्षिकाच्या वहीत प्रत्येक मॉडेलच्या कोडखाली त्यातून निघालेली एसक्यूएल क्वेरी छापून लावणे सक्तीचे करावे आणि एका पानासाठी किती क्वेरी गेल्या, या प्रश्नाला स्वतंत्र गुण ठेवावेत. क्वेरी मोजणारी चाचणी जॅंगोमध्ये आयतीच आहे. त्यासाठी प्रयोगशाळेत नवे काही विकत घ्यावे लागणार नाही.

आपला विश्वासू,
एक संगणकशास्त्र अध्यापक, सांगली