वारंवार न्यूमोनिया? प्रतिपिंडे तपासा

महोदय,

मूल सारखे आजारी पडले की आपल्याकडे ‘हवा बाधली’, ‘दात येताहेत’ म्हणून वेळ मारून नेली जाते. माझ्या भाच्याचे असेच झाले. कान वाहायचा, न्यूमोनिया व्हायचा, अँटिबायोटिकने उतरलेला ताप महिन्याभरात परत यायचा. अखेर एका डॉक्टरीणबाईंनी टॉर्च लावून घसा पाहिला आणि विचारले, “याचे टॉन्सिल्स काढलेत का?” काढले नव्हते, ते जवळपास नव्हतेच! तिथून निदान लागले: एक्स-लिंक्ड अ‍ॅगॅमाग्लोब्युलिनेमिया.

या जन्मजात आजारात बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी रक्तातील प्रथिने) बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, तयार होत नाहीत, म्हणून प्रतिपिंडेही नाहीत. टॉन्सिल्सही मुख्यतः याच पेशींनी भरलेले असतात, म्हणून ते वाढत नाहीत. आईकडून मिळालेली प्रतिपिंडांची शिदोरी सहाएक महिन्यांत संपते आणि दुखणी सुरू होतात. आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो, सदोष जनुक अनेकदा आईकडून येते. त्यावरून सुनेला बोल लावणे निव्वळ क्रूरपणा आहे.

अमेरिकेतील डॉ. ऑग्डेन ब्रुटन यांनी 1952 मध्येच हा आजार ओळखून गॅमाग्लोब्युलिनचा, म्हणजे इतरांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांचा, उपचार केला. आजही दर तीन-चार आठवड्यांनी हीच प्रतिपिंडे (इम्युनोग्लोब्युलिन) दिली तर मूल शाळेत जाते, खेळते. पण ते महाग आहे आणि आयुष्यभर लागते. केंद्राच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात या आजाराचा समावेश आहे. तरी गावाकडच्या पालकांपर्यंत हे पोहोचत नाही.

आयजीजी, आयजीए, आयजीएम या प्रतिपिंडांच्या प्रकारांची साधी रक्त तपासणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मोफत व्हावी आणि इम्युनोग्लोब्युलिनचा साठा तिथेच मिळावा, ही आरोग्य खात्याला कळकळीची विनंती.

– एक मावशी, सातारा