वन्संच्या वाटणीचे आभार

आदरणीय अक्का,

साष्टांग नमस्कार.

आभाराचे शब्द खरे तर घरी येऊन सांगायचे असतात. मी दोनदा आले आणि दोन्ही वेळा चहाचा कप पुढे करून तुम्ही माझे बोलणे अर्ध्यावर मोडलेत, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे. येथे तुम्हांला मला अडवता येणार नाही.

आमच्या महिला मंडळाने रमाबाई रानड्यांवरचे नाटक बसवायला घेतले, तेव्हा आमच्याकडे संहिता होती, सात बायका होत्या आणि तालमीला जागा नव्हती. ज्यांनी सभागृह देऊ केले होते, त्यांनी ‘फक्त बायका, आणि तेही रात्री’ हे कळल्यावर शब्द फिरवला. साखर पेठेतल्या तुमच्या भावाच्या बंद पडलेल्या मागाच्या शेडची किल्ली तुमच्याजवळ असते, हे आम्हांला आमच्यातल्या एकीने सांगितले. तुम्ही भाडे विचारले नाही, नाटक कशावर आहे हेही विचारले नाही. फक्त किती बायका येणार आणि त्यांना घरी कोण सोडणार, एवढे विचारलेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नाही हे लक्षात आल्यावर ते कामही तुम्ही आपल्याकडे घेतलेत. रमाबाईंचे काम करणाऱ्या मुलीला आठनंतर घराबाहेर राहण्याची परवानगी नव्हती. तिच्या दारात बसून, तिच्या आजेसासऱ्यांशी तेलुगूत पाऊण तास बोलून तुम्ही ती कशी मिळवलीत, हे मला आजही नीटसे कळलेले नाही. पुढे दोन महिने रोज रात्री कन्ना चौकापर्यंत तुम्ही पुढे आणि आमच्यातल्या चौघीजणी मागे, अशी वरात निघत असे.

एवढ्यासाठीही आभार मानता आले असते. पण माझ्या मनात आहे ते वेगळेच, आणि त्यासाठी नाटकातली हकिगत थोडी सांगणे भाग आहे.

देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती रानड्यांची दुसरी पत्नी होऊन रमाबाई झाली. नवऱ्याने तिला लिहायला-वाचायला शिकवायला घेतले आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी तिचे जगणे अवघड केले. पुढे त्या इंग्रजी शिकू लागल्या, पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात सुरू केलेल्या आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागल्या, मुलींच्या हायस्कुलासाठी भरलेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरांपुढे इंग्रजीतून निवेदन वाचले. आणि प्रत्येक वेळी घरी परतल्यावर त्यांच्या वाट्याला टोमणे आणि अबोलाच आला. हे सारे त्यांनी स्वतः १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहिले आहे, आणि त्यात कडवटपणा आश्चर्य वाटावे इतका कमी आहे. या छळात एक नाव ठळक दिसते ते त्यांच्या नणंदेचे, म्हणजे दुर्गावन्संचे. १९०९ साली रमाबाईंनी पुण्यात उभ्या केलेल्या, बायकांना शिकवणाऱ्या सेवासदनाची शाखा आपल्या सोलापुरातही आहे आणि आमच्यातल्या दोघी तिथेच शिकल्या, त्यामुळे रमाबाई आम्हांला घरच्याच वाटत होत्या. साहजिकच वन्संना मी खलनायिका केले. त्यांच्या तोंडी मी झणझणीत संवाद घातले आणि तालमीत त्या संवादांना हमखास हशा मिळत असे.

तुम्ही तेव्हा शेडच्या दाराशी, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असायच्या. शेजारच्या शेडमधल्या मागांच्या खडखडाटात तुम्हांला आमचे काही ऐकू जात असेल असे मला वाटलेच नव्हते. एका रात्री वीज गेली, माग थांबले, आणि त्या शांततेत हात न थांबवता तुम्ही विचारलेत, “त्या बाईचा नवरा कधी गेला?”

मी सांगितले की वन्संना वैधव्य लहान वयातच आले होते. तुम्ही थोडा वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, “मग तिला कशाला हसताय? वहिनी शिकली, कुणाचं काही बुडालं नाही, म्हणजे नेम खोटाच होता की. मग हिनं सगळा जन्म पाळला, ते कुणासाठी पाळला?”

अक्का, १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला आणि पुनर्विवाहाच्या चळवळीत रानड्यांचे नाव पुढच्या रांगेत होते, हे मला पाठ होते. त्याच घरात त्यांची सख्खी बहीण विधवा म्हणूनच राहिली, हेही मी वाचलेले होते. पण या दोन गोष्टी मी एका ओळीत कधी ठेवल्या नव्हत्या. ज्या बाईकडून सगळे काढून घेतले गेले आहे आणि जिच्या हाती फक्त सोवळे, स्वयंपाकघर आणि भावजयीला धाकात ठेवण्याचा अधिकार उरला आहे, तिच्यासमोर धाकटी भावजय पुस्तक घेऊन माडीवर जाते, तेव्हा तिचे नेमके काय जाते, हे मला कळायला हवे होते. मी वहिनीच्या बाजूने उभी होते, आणि बायकांच्या बाजूने उभे राहणे ते हेच, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी उत्साहाच्या भरात मी एक नवा प्रवेश लिहून आणला. त्यात वन्सं रात्री गुपचूप रमाबाईंची पाटी घेऊन अक्षरे गिरवतात. सगळ्यांना तो फार आवडला. तुम्ही मात्र मान हलवलीत. “शिकायचं नव्हतं तिला. जागा पायजे होती,” एवढेच म्हणालात. बावीस वर्षांच्या असताना तुम्ही भावाच्या घरी परत आलात, हे मला तोवर ठाऊक नव्हते; ते नंतर इतरांकडून कळले, आणि ते तुम्ही स्वतः सांगितले नाहीत याचा मान राखून मी त्याविषयी अधिक लिहीत नाही.

पाटीचा प्रवेश मी फाडून टाकला. त्याच्या जागी आला तो प्रवेश अगदी साधा होता. रमाबाई सभेहून परततात, वन्सं त्यांचे पान मांडतात, वाढतात आणि एक शब्द बोलत नाहीत. वाढून झाल्यावर शेजारी बसून मात्र राहतात. हुतात्मा स्मृती मंदिरातल्या प्रयोगात त्या प्रवेशाला ना टाळी मिळाली ना हशा. माझ्यापुढच्या रांगेतल्या एक वयस्क बाई पदराने चष्मा पुसत होत्या आणि त्यांची सून त्यांच्याकडे बघत होती. नाटक म्हणून प्रयोग कसा झाला याविषयी दुमत आहे. दुसरा अंक लांबला हे मलाही मान्य आहे. तेवढी आठ मिनिटे मात्र कोणी लांबली म्हणाले नाही.

मराठी, तेलुगू आणि कानडी, या तिन्ही भाषांत थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. आमच्या मंडळात या तिन्ही भाषा बोलणाऱ्या बायका आहेत आणि तुम्हांला काय म्हणायचे, यावर पहिल्या दिवसापासून कधी चर्चा करावी लागली नाही. कार्यक्रमपत्रिकेत तुमचे नाव घालायला तुम्ही नकार दिलात, म्हणून ते येथेही घातलेले नाही.

तुम्हांला मराठी वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र तुमच्या भावजयच वाचून दाखवतील. त्या दहावीपर्यंत शिकलेल्या आहेत आणि चाळीस वर्षे तुम्ही दोघी एकाच चुलीवर आहात. मधला एखादा परिच्छेद त्या गाळतील असे मला वाटते. तसे झाले तर त्यांना मागे जाऊन पुन्हा वाचायला लावा.

शेडची किल्ली अजून माझ्याजवळच आहे. रविवारी आणून देते.

तुमची,
नाटकवाली