ग्रामोफोन : शोध एकाचा, धंदा दुसऱ्याचा

संपादक महोदय,

ग्रामोफोनविषयी लिहिताना आपण बहुधा एमिल बर्लिनर या संशोधकापाशीच थांबतो. अमेरिकेतील त्याच्या धंद्याची वाताहत कशी झाली, हे क्वचितच सांगितले जाते. हाताने फिरवाव्या लागणाऱ्या त्याच्या यंत्राला चावीची स्प्रिंग बसवून दिली ती कॅमडेनच्या एल्ड्रिज जॉन्सन या कारखानदाराने, आणि विक्रीचा मक्ता होता फ्रँक सीमन याच्याकडे. पुढे सीमन ‘झोनोफोन’ हे निराळेच यंत्र विकू लागला, आणि १९०० साली प्रतिस्पर्धी कंपनीच्या दाव्यात, ग्रामोफोनमुळे तिच्या पेटंटचा भंग होतो, अशी कबुली त्याने देऊन टाकली. आडत्यानेच मालधन्याविरुद्ध साक्ष द्यावी, असा हा प्रकार! बर्लिनरला अमेरिकेत विक्री थांबवावी लागली. जॉन्सनने १९०१ मध्ये व्हिक्टर कंपनी काढली खरी, पण ‘ग्रामोफोन’ हा शब्द टाळूनच; त्यामुळे तिकडे तबकडीच्या यंत्रालाही ‘फोनोग्राफ’ (हे मुळात एडिसनच्या नळकांड्यावर वाजणाऱ्या यंत्राचे नाव) म्हणण्याची रीत पडली. आपल्याकडे मात्र लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा माल येई, म्हणून आमच्या माळ्यावरची, चावी देताना करकरणारी पेटी ‘ग्रामोफोन’च राहिली.

– एक वाचक, सातारा