मालाडच्या पोरांशी माझं भांडण नाही

लीड्स, 9 फेब्रुवारी 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, थंडीची सवय झालीय. विवेकने तुम्हाला माझा फलक धरलेला फोटो दाखवला म्हणून आधीच सांगते, नोकरी चालू आहे. आमचा विभाग बंद करून सगळं काम मालाडच्या ऑफिसात न्यायचं कंपनीच्या मनात आहे. ते थांबावं म्हणून युनियन लढतेय.

बाबा, तुम्हाला लगेच गिरणी आठवली असणार. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. इथलं तसं नाही. सभेत हात वर करून संप होत नाही. प्रत्येक सभासदाच्या घरी पोस्टाने मतपत्रिका येते, ती भरून पोस्टानेच परत धाडायची. निम्म्या सभासदांनी तरी मत द्यावंच लागतं, नाहीतर बहुमत असूनही उपयोग नाही. मग मालकाला 14 दिवस आधी नोटीस. फाटकावर साधारण सहाच जण उभे राहतात, त्यांच्या प्रमुखाचं नावही पोलिसांना कळवायचं! येणारेजाणारे गाडीचा हॉर्न वाजवतात. एरवी इथे हॉर्न वाजवला तर लोक रागाने बघतात, पण फाटकासमोर वाजवला की तो पाठिंबा. पहिल्या दिवशी मी दचकून बाजूलाच झाले. आणि कायदेशीर संपात गेलं म्हणून व्हिसा जात नाही, हे मी नीट विचारून घेतलंय.

आई, ‘आपल्याच पोरांच्या तोंडचा घास कशाला काढतेस’ हे तुझं बोलणं फार लागलं. विवेक तिथेच रात्रपाळी करतो, मला कळत नाही का? गिरणी संपात मालकांनी भिवंडीच्या लूमवर कापड विणून घेतलं, तेव्हा बाबांनी लूमवाल्यांना कधी शिव्या दिल्या नाहीत. बारा-बारा तास राबणारी तीही माणसंच. काम मालाडला जाईल, पण आमचा पगार त्याच्याबरोबर जाणार नाही. उद्या आणखी स्वस्त जागा सापडली की विवेकच्या टेबलावरूनही ते उचलतील. इथल्या एका फलकावर ‘इंडिया’ लिहिलं होतं. मी सभेत उभी राहून सांगितलं, भांडण कंपनीशी आहे, देशाशी नाही. त्यांनी माझ्यासमोर त्या शब्दावर पांढरा रंग फिरवला.

या महिन्यात पैसे थोडे कमी आलेत, संपाच्या दिवसांचे कापले. म्हाडाच्या घराचा हप्ता मात्र चुकवू नका, तेवढे त्यात आहेत. विवेकच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही, सुनबाईला माझ्याकडून साडी तूच निवड. लग्नाला येतेच. कुडाळच्या स्थळाला सध्या थांबा म्हणावं. नोकरी गेलीच तर दुसरी कंपनी शोधायला 60 दिवस मिळतात, पण हे मावशीच्या कानावर घालू नका. आणि आई, हॉलसाठी बांगड्या मोडू नकोस, ते पैसे मी मार्चअखेर पाठवते.

तुमची,
माधुरी