साक्षीदार ताटकळत थांबत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलीस लवकर पोचल्याने तपासात फारसा फरक पडत नाही, असं सांगणारा कालचा लेख वाचून राहवलं नाही. लेखकांनी दाखला दिलाय तो अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या १९७०च्या दशकातल्या अभ्यासाचा. बरेचसे गुन्हे घडून गेल्यावर कळतात आणि लोकच फोन करायला वेळ लावतात, हे त्यातलं म्हणणं खरं आहे. पण आम्ही वेळ लावला नव्हता!

तीन वर्षांपूर्वी भरदिवसा आमचं घर फोडलं. कडी तुटलेली दिसताच मी फोन केला. बाहेर एक अनोळखी गृहस्थ उभे होते. त्यांनी दोघांना पिशवी घेऊन निघताना पाहिलं होतं, त्यातला एकजण त्यांना ओळखीचा वाटत होता. ‘पोलिसांना सांगूनच जातो’ म्हणाले. बिचारे तासभर थांबले. मी पुन्हा फोन केला, तर गाडी दुसऱ्या कामावर आहे असं उत्तर. शेवटी ते गेले, आणि आईला सावरण्याच्या गडबडीत त्यांचं नाव विचारायचं राहिलं. ती चूक माझी, आजही सलते. पोलीस आले अडीच तासांनी. पहिला प्रश्न, ‘कुणी पाहिलंय का?’ तोवर येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात कपाटाला लागून झाले होते, ठसे कसले मिळणार? वर्षभराने कागद आला: आरोपी मिळून येत नाही, तपास बंद. आईच्या बांगड्या गेल्या त्या गेल्याच.

इंग्लंडमधल्या ग्रेटर मँचेस्टर पोलिसांच्या नोंदींवरचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास लेखकांनी का वगळला? पोचायला लागणारा वेळ १० टक्क्यांनी वाढला, तर उकल होण्याची शक्यता ४.७ टक्केबिंदूंनी घटते, असं त्यात आढळलं. म्हणजे शंभरात जवळपास पाच गुन्हे. पोलीस लवकर आले तर फिर्यादी किंवा साक्षीदार संशयिताचं नाव सांगण्याची शक्यता वाढते, हे त्याचं एक मोठं कारण असावं, असंही त्यात सुचवलंय. मला ते वाचताना ते गृहस्थच दिसत होते.

मनुष्यबळ कमी आहे, हे मला कळतं. मग ते मागा. वेळेने फरक पडत नाही, असं लोकांना सांगू नका.

जाता जाता, गेल्या महिन्यात माझं पत्र निम्मं कापून छापलंत आणि मुद्दाच गेला. या वेळी जागा कमी पडली तर अभ्यासाचे आकडे काढा, पण त्या गृहस्थांबद्दलचा मजकूर ठेवा. ते हे वाचत असतील, तर त्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा.

आपली,
एक नियमित वाचक