स्वयंसेवक सांभाळणाऱ्यांनाही प्रशिक्षण हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

५ डिसेंबरचा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन जवळ आला की आपल्या इंदुरातल्या संस्थांमध्ये शाल-श्रीफळाचे कार्यक्रम सुरू होतात आणि व्यासपीठावरून एक तक्रार हमखास ऐकू येते : "हल्लीची मुलं टिकत नाहीत हो." मला हे पटत नाही. या शहरात माणसांची वानवा नाही. ओला-सुका कचरा वेगळा करा म्हणून घरोघर फिरणारी माणसे इथलीच. जुलै २०२४ मध्ये रेवती रेंजवर २४ तासांत ११ लाखांहून अधिक रोपे लागली, तेव्हाही हात कमी पडले नाहीत. माणसे येतात. आलेल्या माणसाचे करायचे काय, हे संस्थेत कुणाला ठाऊक नसते.

मुले सांभाळणाऱ्या एका संस्थेतला प्रकार सांगते, नाव नको. आमच्या ओळखीतली एम.एस्सी. करणारी मुलगी शनिवारी तिथल्या मुलांना गणित शिकवायला गेली. फोनवर बोललेले सचिव बाहेरगावी आणि लिपिकाला काही कल्पनाच नाही. "बसा, मॅडम येतील." मॅडम आल्या साडेबाराला, तोवर मुलांची पाने वाढलेली. मग हाताला काहीतरी काम म्हणून तिला निमंत्रणपत्रिकांवर पत्ते चिकटवायला बसवले. पुढच्या शनिवारी ती फिरकली नाही. वहीत तिच्या नावापुढे शेरा पडला : अनियमित.

त्याच संस्थेत वाढदिवस साजरे करायला मात्र रांग असते. एकाच दिवशी दोनदा कचोरी, दोनदा केक, आणि मुलांच्या खांद्यावर हात टाकून काढलेले फोटो संध्याकाळी व्हॉट्सॲपवर. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड होईल असे छायाचित्र प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाहुण्यांना हे माहीत नसेल, समजू शकते. पण दारातच त्यांना हे सांगायचे कुणी, हेच संस्थेने ठरवलेले नसते.

पगारी कर्मचाऱ्यांचीही बाजू आहे. स्वयंपाकाच्या मावशी, आयाबाई यांना वाटते की ही शिकलेली मंडळी आपल्यावर नजर ठेवायला आलीत, उद्या आपल्या पोटावर पाय आणतील. वृद्धाश्रमात मधुमेही आजींना कुणी प्रेमाने दोन पेढे भरवतो आणि निघून जातो. रात्री वाढलेली साखर निस्तरायची आयाबाईंनी. त्या कुरकुरल्या की आपण त्यांनाच आडमुठ्या ठरवतो.

स्वयंसेवकांना सांभाळणे हे शिकावे लागणारे काम आहे, हे राष्ट्रीय सेवा योजनेने केव्हाच ओळखले. १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास द्यायचे, आणि त्याची जबाबदारी घेणाऱ्या कार्यक्रम अधिकाऱ्याला प्रशिक्षण घ्यावे लागते. योजना कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, तो वाद वेगळा.

देवी अहिल्या विद्यापीठातले अनुभवी कार्यक्रम अधिकारी याच गावात आहेत. रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंतच्या आपल्या मंडळांनी त्यांना बोलावून दोन दिवसांचा वर्ग घ्यावा. प्रत्येक संस्थेतून एक पदाधिकारी आणि एक पगारी कर्मचारी, दोघांनी जोडीने बसावे. नुसते अध्यक्ष नकोत, ते उद्घाटन करून निघून जातात. कामाचे वर्णन एका पानावर कसे लिहायचे, नव्या माणसाला पहिल्या दिवशी कुणी भेटायचे, औषध, पैसे आणि फोटो यांबाबत काय करायचे नाही, तक्रार कुणाकडे न्यायची, हे तिथे शिकवावे. आणि न झेपणाऱ्या स्वयंसेवकाला गोडीने नाही कसे म्हणायचे, हेही. तो देणगीदाराचा भाचा असेल तर यासाठी वेगळा तास लागेल!

वेगळा माणूस नेमायला पैसे नाहीत, असे उत्तर येईल. नकोच नेमायला. असलेल्याच एका कर्मचाऱ्याकडे हे काम लेखी द्या आणि आठवड्यातले काही तास त्याची दुसरी कामे काढून घ्या. कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत तेवढा ठराव करता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सुदामानगर, इंदूर