अ‍ॅपवाल्यांनी नियम बदलावेत, पण सांगून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरपोच जेवणाच्या अ‍ॅपचा विषय निघाला की चर्चा कमिशनपाशी येऊन थांबते. माझं कोथरूडला थालीपीठ-साबुदाणा वड्याचं छोटं दुकान आहे. कमिशन डोईजड आहेच, पण तो आकडा आधी माहीत असतो, भाव लावताना धरता येतो. जीव मेटाकुटीला येतो तो न सांगता बदलणाऱ्या गोष्टींनी. मध्यंतरी ऐन शनिवारी संध्याकाळी ऑर्डरी आटल्या. खोदून विचारल्यावर कळलं, अ‍ॅपने आमच्या डिलिव्हरीचं अंतर परस्पर कमी केलं होतं. वारज्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला दुकान दिसतच नव्हतं. सवलत योजनेत तर आम्हाला न विचारताच घातलेलं असतं. नको असेल तर आपण शोधून बाहेर पडायचं. सोलकढी वाटेत सांडली तरी परतावा आमच्या हिशेबातून वजा! गिऱ्हाइकाला फोन करून विचारावं, तर नंबर आमच्याकडे नसतो.

अ‍ॅपचा वचक नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. एकाच स्वयंपाकघरातून पाच नावांनी बिर्याणी विकणारे आम्हीही पाहतो. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा परवाना तपासणं, सारख्या ऑर्डरी रद्द करणाऱ्या दुकानाला यादीत मागे टाकणं हे अ‍ॅपने करायलाच हवं. त्या भरवशावरच अनोळखी माणूस आमच्याकडून मागवतो. पण पदार्थाचा भाव आणि सवलत हा दुकानदाराचा अधिकार आहे. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात बाजार समितीचे नियम सर्वांना पाळावे लागतात, पण समिती स्वतः कांदा विकायला बसत नाही. इथे काही कंपन्या आता स्वतःच्या नावानेही खाद्यपदार्थ विकू लागल्या आहेत, आणि आमच्याकडे काय खपतं याचा सगळा हिशेब त्यांच्याच हाती!

युरोपीय संघात जुलै २०२० पासून अशा अ‍ॅपना अटी बदलायच्या तर व्यावसायिकाला किमान १५ दिवस आधी कळवावं लागतं. सेवा कायमची बंद करायची तर एरवी ३० दिवस आधी, कारणासह. आपल्याकडे रेस्टॉरंट संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला. बड्या ऑनलाइन कंपन्यांना वेसण घालणाऱ्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला. पण या गोष्टी वर्षानुवर्षं चालतात. गूगलला प्ले स्टोअर प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये झालेला ९३६ कोटींचा दंड अपिलात २१६ कोटींवर यायला मार्च २०२५ उजाडला. आमचं दुकान महिनाभर अ‍ॅपवर दिसलं नाही, तर भाडं थकतं.

मोठा कायदा यायचा तेव्हा येवो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. तीच मुदत दुकानदाराच्या तक्रारीलाही लावावी आणि अटी बदलण्याआधी १५ दिवसांची लेखी सूचना सक्तीची करावी, एवढीच मागणी आहे.

— एक खाद्यपदार्थ विक्रेती, कोथरूड, पुणे